'गिव्ह अप' म्हणजे नेमके काय सोडणे?

इंग्रजीत 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. दोन्ही शब्द शाळेच्या पहिल्या काही इयत्तांतच ओळखीचे होतात. ते शेजारीशेजारी आले की मात्र अर्थ 'वर देणे' असा होत नाही. सोडणे, सोडून देणे, ताबा देणे, शरण जाणे, हार मानणे, आशा सोडणे असे अर्थ निघतात. क्रियापद आणि त्याला जोडलेले लहानसे अव्यय मिळून असा निराळा अर्थ तयार झाला की त्या जोडीला इंग्रजी व्याकरणात 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. हे नाव १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकामुळे रूढ झाले, पण प्रकार फार जुना आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे की परकीयांना इंग्रजी शिकताना सर्वांत जास्त अडचण या जोड्यांची होते. कारण दोन्ही शब्दांचे अर्थ माहीत असूनही जोडीचा अर्थ हाती लागत नाही.

यातल्या 'अप'चे काम समजले तर अर्धे कोडे सुटते. तो इथे दिशा सांगत नाही, क्रिया पुरती तडीस गेल्याचे सांगतो. 'ईट अप' म्हणजे ताटात काही न ठेवता खाणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे, 'ड्राय अप' म्हणजे पार आटून जाणे. तसेच 'गिव्ह अप' म्हणजे हातातली गोष्ट पुरती देऊन मोकळे होणे. मराठीत हेच काम दुसरे क्रियापद करते. खाऊन टाकणे, संपवून टाकणे, आटून जाणे यांतल्या 'टाकणे' आणि 'जाणे' या क्रियापदांनी आपला मूळ अर्थ बाजूला ठेवलेला असतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत संयुक्त क्रियापदांचा विचार होत आला आहे. 'सोडून देणे' यातला 'देणे' पाहिला तर कोणी कोणाला काही देत नाही, तरी मराठी माणूस तिथे अडत नाही. 'बैठक पुढे ढकलली', 'अर्ज मागे घेतला' ही रचना तर फ्रेजल व्हर्बच्या फारच जवळची आहे, कारण बैठकीला कोणी धक्का मारलेला नसतो. त्यामुळे 'गिव्ह अप' शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यापुढे रचनेची अडचण फारशी नाही. अडचण आहे ती निवडीची. इंग्रजीत एकाच जोडीवर भागते. मराठीत कोणी, काय, कशासाठी आणि कोणाच्या जोरावर सोडले हे पाहून क्रियापद ठरवावे लागते.

सर्वांत वापरातला अर्थ चालू सवय किंवा काम थांबवण्याचा आहे. 'ही गेव्ह अप टोबॅको' म्हणजे त्याने तंबाखू सोडली. इथे 'सोडणे' चपखल बसते. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करत पुढे जाते. त्या वाटेवर माळ घातलेल्या माणसाने मांसाहार सोडलेला असतो. चातुर्मासात कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे. काशीला जाऊन आल्यावर एखादी आवडती भाजी कायमची सोडण्याची रीतही जुन्या घरांतून होती. ईस्टरपूर्वीच्या लेंट या उपवासकाळात ख्रिस्ती कुटुंबांतली माणसे एखादा आवडीचा पदार्थ सोडतात तेव्हा इंग्रजीत हेच 'गिव्ह अप' वापरतात. व्रत वेगळे असले तरी क्रिया तीच आहे.

मराठी इथे एक बारीक भेद करते, जो इंग्रजी जोडीत मावत नाही. 'त्याने दारू सोडली' आणि 'त्याची दारू सुटली' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्यात निर्धार आहे, दुसऱ्यात परिणाम. 'तीन वेळा सोडली, पण सुटली नाही' हे वाक्य व्यसनी माणसाच्या घरात कळकळीने बोलले जाते आणि त्यात व्यसनाचे सगळे दुखणे आलेले असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था याच 'सोडणे' आणि 'सुटणे' यांच्या मधल्या अवघड टप्प्यात माणसांबरोबर काम करते. इंग्रजीत 'गिव्ह अप'चा कर्ता माणूसच असतो. सवय आपण होऊन माणसाला 'गिव्ह अप' करत नाही. म्हणून 'दारू सुटली' याचे भाषांतर करताना वाक्याची बांधणीच बदलावी लागते.

नोकरी सोडण्यालाही हीच जोडी चालते. वाळवे तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचे नाना पाटील तलाठी होते. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या लाटेत त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुढे ते क्रांतिसिंह झाले. 'ही गेव्ह अप हिज जॉब' या इंग्रजी वाक्यातून घटना कळते. पण सातारा-सांगलीच्या गावांत अशा माणसांबद्दल बोलताना 'घरादारावर तुळशीपत्र ठेवले' असे म्हणतात. दान देताना वस्तूवर तुळशीचे पान ठेवण्याच्या रिवाजातून आलेला हा वाक्प्रचार आहे. दिलेले परत घ्यायचे नाही, ही त्यातली अट आहे. 'पाणी सोडणे' हाही त्याच कुळातला. हातावरून उदक सोडले की वस्तूवरचा हक्क संपला, म्हणून 'त्या जमिनीवर त्याने पाणी सोडले' म्हणजे ती कायमची गेली असे समजून दावा सोडून दिला. 'गिव्ह अप'मध्ये 'अप' जी पूर्णता दाखवतो ती मराठीने इथे धर्मविधीतून आणली आहे. मात्र तुळशीपत्र ठेवणाऱ्याने राजीखुशीने सोडलेले असते, पाणी सोडणाऱ्याने बहुधा नाइलाजाने.

राजीखुशी आणि नाइलाज यांतला हा फरक दुसऱ्या अर्थात, म्हणजे आपल्या मालकीची वस्तू, हक्क किंवा पद दुसऱ्याच्या हवाली करण्याच्या अर्थात, फार महत्त्वाचा ठरतो. इंग्रजी जोडी त्याबाबत मोघम राहते. १९६२ च्या नोव्हेंबरात कराडचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून देशाचे संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीला गेले. इथे 'गिव्ह अप' म्हटले तर कोणाची हरकत नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याबद्दल मात्र तोच शब्द वापरण्यापूर्वी थांबावे लागते.

प्रतापसिंहांवर गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे पदच्युत राजे यांच्याशी कंपनी सरकारविरुद्ध संधान बांधल्याचा आरोप ठेवला गेला. १८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यात आले. चूक झाल्याची लेखी कबुली दिली तर गादी राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना पदच्युत करून साताऱ्याबाहेर नेण्यात आले आणि १८४७ मध्ये काशीत त्यांचे निधन झाले. आता या घटनेला 'ही गेव्ह अप द थ्रोन' म्हणायचे का? एका अंगाने म्हणता येते, कारण सही करून गादी वाचवण्याची वाट खुली असताना त्यांनी ती नाकारली. दुसऱ्या अंगाने ते चूक आहे, कारण गादी त्यांनी सोडली नाही, त्यांना गादीवरून काढले. मराठीत लिहिणाऱ्याला 'गादी सोडली', 'गादीवर पाणी सोडले', 'गादी गेली', 'गादीवरून काढले' यांपैकी एक निवडावेच लागते आणि निवड केली की लिहिणारा कोणाच्या बाजूने पाहतो तेही ठरते. इंग्रजी मजकूर वाचताना 'गेव्ह अप' दिसले की देणाऱ्याच्या मागे कोण उभे होते, हा प्रश्न वाचकाने स्वतः विचारायचा असतो.

कोयनेच्या विस्थापितांच्या बाबतीत हे आणखी जवळून दिसते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी अडले आणि पाटण व जावळी तालुक्यांच्या खोऱ्यातली गावे शिवसागराखाली गेली. माणसे सोलापूर, सांगली, रत्नागिरी आणि तेव्हाच्या ठाणे, कुलाबा या जिल्ह्यांत विखुरली. इंग्रजीत लिहिताना 'दे गेव्ह अप देअर लँड' असे सहज लिहिले जाईल आणि व्याकरणाने ते बरोबरही असेल. पण त्या गावांतल्या माणसाच्या तोंडी 'जमिनी सोडल्या' येत नाही. 'जमिनी सोडाव्या लागल्या' येते किंवा नुसते 'जमिनी गेल्या'. 'सोडाव्या लागल्या' यातली सक्ती इंग्रजीत आणायची तर 'दे हॅड टू गिव्ह अप' किंवा 'दे वेअर फोर्स्ड टू गिव्ह अप' असे लिहावे लागते. भाषांतर करणाऱ्याने ती दोन-तीन जादा पदे आळसाने गाळली तर विस्थापित माणूस कागदावर दानशूर होऊन बसतो. तेवढ्याने वाक्य खोटे ठरते.

खुशीने देण्याचे ठळक उदाहरण साताऱ्याच्या शिक्षणाच्या इतिहासात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे काम साताऱ्याला आणले. वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहत. त्यांच्या धान्यासाठी पैसे उरले नाहीत तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी एकेक करून दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. या ठिकाणी 'गेव्ह अप' आणि 'गेव्ह अवे' यांतला फरक स्वच्छ दिसतो. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे, वाटून टाकणे. त्यात वस्तू कोणाकडे गेली यावर लक्ष असते. जुने कपडेही 'गिव्ह अवे' करता येतात, त्यात देणाऱ्याला काही कमी पडत नाही. 'गिव्ह अप'मध्ये देणाऱ्याने स्वतःला हवी असलेली वस्तू सोडलेली असते. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राला म्हणूनच 'गेव्ह अप' हा शब्द शोभतो. एसटीत म्हाताऱ्या माणसाला आपली जागा देणे हेही इंग्रजीत 'गिव्ह अप अ सीट' आहे, मराठीत त्याला 'उठून जागा दिली' एवढे साधे शब्द पुरतात.

२०१५ मध्ये ही जोडी इंग्रजी न शिकलेल्या घरांतही पोचली. त्या वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने स्वयंपाकाच्या गॅसवरचे अनुदान ऐपत असलेल्यांनी आपण होऊन सोडावे म्हणून 'गिव्ह इट अप' नावाची मोहीम सुरू केली आणि वर्षभरात सुमारे एक कोटी ग्राहकांनी तसे केल्याचे सरकारने जाहीर केले. मराठीत त्याला 'अनुदान सोडणे' म्हटले गेले, ते योग्यच होते. त्या घोषणेत व्याकरणाचा एक धडाही होता. कर्म नाम असेल तर ते 'अप'च्या आधी किंवा नंतर, कुठेही येते. 'गिव्ह अप द सबसिडी' चालते, 'गिव्ह द सबसिडी अप'ही चालते. कर्म सर्वनाम असेल तर त्याने मध्येच बसायचे असते. 'गिव्ह इट अप' बरोबर, 'गिव्ह अप इट' चूक.

दुसरी नेहमीची चूक पुढच्या क्रियापदाची. 'गिव्ह अप'नंतर क्रियापद आले तर त्याला 'इंग' लागते. 'ही गेव्ह अप स्मोकिंग' असे म्हणायचे, 'गेव्ह अप टू स्मोक' असे नाही. 'विडी ओढायचे सोडले' या मराठी वाक्यातले 'ओढायचे' मनात असते आणि त्याच्या जागी 'टू' घालावेसे वाटते. त्यापेक्षा 'ओढणे सोडले' असे मनात धरले तर 'स्मोकिंग' आपोआप येते. भूतकाळात 'गेव्ह अप' आणि पूर्ण काळात 'गिव्हन अप' ही रूपे आहेत. बोलताना जोर 'अप'वर पडतो. 'गिव्ह'वर जोर देऊन 'अप' गिळून टाकला तर ऐकणाऱ्याला नुसते 'देणे' ऐकू येते.

तिसरा अर्थ स्वतःलाच हवाली करण्याचा आहे. 'ही गेव्ह हिमसेल्फ अप' म्हणजे तो पोलिसांना शरण गेला, स्वाधीन झाला. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात गोळीबार झाला, दोन सहकारी मारले गेले आणि दादांना खांद्यात गोळी लागून ते पकडले गेले. त्यांच्याबद्दल 'गेव्ह हिमसेल्फ अप' म्हणता येणार नाही, कारण ते पकडले गेले होते, स्वाधीन झाले नव्हते. प्रतिसरकारच्या काळात नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले आणि शरण न जाताच उघडपणे बाहेर आले. त्यांनाही ही रचना लागू पडत नाही.

'गिव्ह अप'ला कर्मच नसेल तर अर्थ हार मानण्याचा होतो. 'डोन्ट गिव्ह अप' म्हणजे हार मानू नको, धीर सोडू नको. याच्या शेजारी 'गिव्ह इन' आहे आणि दोघांची गल्लत फार होते. 'गिव्ह इन' म्हणजे समोरच्याच्या दबावापुढे नमते घेणे, त्यासाठी समोर कोणीतरी लागतो. 'गिव्ह अप' करायला समोर कोणी असावाच लागत नाही, माणूस एकटाच आपल्या प्रयत्नाला कंटाळू शकतो. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० च्या सुमारास लंडनला गेले आणि धन्याची बाजू मांडत सुमारे तेरा-चौदा वर्षे तिथे राहिले. मध्येच महाराज वारले, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले, तरी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. कंपनी सरकारने 'गिव्ह इन' केले नाही आणि रंगो बापूजींनी 'गिव्ह अप' केले नाही. या एका वाक्यात दोन्ही जोड्या आपापल्या जागी आहेत.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. त्यामागे निवडीसाठीची झटापट होती आणि प्रवासाच्या पैशांसाठीची वणवणही. त्यांच्याबाबत 'ही नेव्हर गेव्ह अप' म्हणताना मराठीत 'जिद्द सोडली नाही' किंवा 'पिच्छा सोडला नाही' म्हणावे. 'हार मानली नाही' हे आखाड्याबद्दल ठीक आहे, पैसे जमवण्याबद्दल तितकेसे बसत नाही. कुस्तीच्या मैदानात 'सोडवणे' निराळेच आहे. 'कुस्ती बरोबरीत सोडवली' म्हणजे पंचांनी निकालाविना थांबवली, त्यात दोघांपैकी कोणीही 'गिव्ह अप' केलेले नसते.

याच अर्थाच्या कडेला 'गिव्ह अप ऑन' आहे. त्यापुढे माणूस किंवा योजना येते आणि तिच्याबद्दलची आशा सोडल्याचा भाव येतो. 'द डॉक्टर्स गेव्ह अप ऑन हिम' याचे मराठी 'डॉक्टरांनी हात टेकले'. मराठीने इथे 'सोडणे' टाळले हे चांगले केले. 'डॉक्टरांनी त्याला सोडले' म्हटले तर घरी जाऊ दिले असे वाटेल. 'गिव्ह अप द घोस्ट' ही १६११ च्या इंग्रजी बायबलमुळे घरोघरी गेलेली शब्दयोजना मात्र 'प्राण सोडणे' या मराठी प्रयोगाशी तंतोतंत जुळते. त्यातला 'देणे' धरून 'जीव दिला' असे भाषांतर कोणी केले तर नैसर्गिक मृत्यूची आत्महत्या होईल.

उलट बाजूने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना, 'सोडणे' दिसले की 'गिव्ह अप' लिहिण्याची घाई करू नये. 'उपवास सोडला' म्हणजे 'ब्रोक द फास्ट', कारण उपवास नेमाने पूर्ण करूनच सोडलेला असतो. 'पोलिसांनी त्याला सोडून दिले' म्हणजे 'लेट हिम गो'. भांडणाऱ्या पोराला आजी 'सोडून दे रे' म्हणते तेव्हाही 'लेट इट गो'च. 'गिव्ह अप' म्हटले तर तिने नातवाला हरायला सांगितले असे होईल. 'मुलाला स्टँडवर सोडले' म्हणजे 'ड्रॉप'. आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे म्हैसाळ किंवा टेंभू योजनेचे 'पाणी सोडले' म्हणतात तेव्हा ती बातमी आनंदाची असते. तिथे 'रिलीज' लागते. वर आलेल्या वाक्प्रचारातले शब्द हेच, पण मध्ये 'जमिनीवर' हा एक शब्द आला की तेच पाणी हक्क सोडल्याची खूण होते.

औपचारिक इंग्रजीत 'गिव्ह अप'च्या जागी एकेरी शब्द येतात. दस्तऐवजात हक्क 'रिलिंक्विश' करतात, पदाचा राजीनामा 'रिझाइन'ने सांगतात, किल्ला 'सरेंडर' होतो, अर्धवट टाकलेले काम 'अबॅन्डन' होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना हे जड शब्द आधी येतात, कारण ते पुस्तकात भेटतात आणि प्रत्येकाला कोशात एक ठरावीक अर्थ असतो. इंग्रजी मातृभाषा असणारे लोक रोजच्या बोलण्यात मात्र 'गिव्ह अप'च जास्त वापरतात. मित्राला 'आय हॅव अबॅन्डन्ड टी' असे सांगितले तर चहा कुठेतरी रस्त्यात टाकून आल्यासारखे वाटते. 'आय हॅव गिव्हन अप टी' म्हटले की चहा सोडल्याचे सरळ कळते.